बाहेरून आत

शाळेत आम्ही मुलांना जे प्रश्न घालतो ते जवळजवळ सगळे सरळ असतात. रोध दिलेला असतो, विद्युतदाब दिलेला असतो, धारा काढायची असते. आरसा दिलेला असतो, वस्तूचे अंतर दिलेले असते, प्रतिमा कुठे पडेल ते सांगायचे असते. कारण हातात असते, परिणाम काढायचा असतो. उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेले असते आणि ते एकच असते.

आयुष्य मात्र प्रश्न उलटे घालते. तिथे परिणाम समोर असतो आणि कारण शोधायचे असते. बाजारात कलिंगडवाला फळावर टिचकी मारतो, कान देतो आणि ‘ले जाओ, लाल है’ म्हणतो. जुने डॉक्टर छातीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकत आणि आत हवा आहे की पाणी ते सांगत. अंधारात नळाखाली ठेवलेली घागर भरत आली हे बायकांना आवाजावरून कळते. यांतले कोणीच आत शिरलेले नसते. बाहेरून काहीतरी द्यायचे, बाहेर काय परत येते ते पाहायचे आणि त्यावरून आतले ठरवायचे, एवढाच व्यवहार. गणितात अशा प्रश्नांची एक मोठी शाखाच आहे. आपण व्यस्त प्रमाण म्हणतो त्यातला शब्द घेऊन त्यांना व्यस्त प्रश्न म्हणता येईल. आम्ही वर्गात त्यासाठी ‘माकूस’ हा शब्द वापरतो. माकूस म्हणजे उलटा.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेत उर्दू, घरात दखनी, बाजारात आणि कचेरीत मराठी, असा आमचा दिवस तीन भाषांतून जातो. फळ्यावर रोधाला आम्ही ‘मज़ाहमत’ लिहितो, विद्युतधारेला ‘बर्क़ी रौ’. मज़ाहमत म्हणजे विरोधही, त्यामुळे ‘ज्याची मज़ाहमत जास्त त्याच्यातून रौ कमी’ हे वाक्य मुलांना पदार्थविज्ञानाचे कमी आणि मोहल्ल्याचे जास्त वाटते. ती हसतात आणि नियम लक्षात राहतो. या शाखेची ओळख आम्हाला करून दिली ती आमच्या खालाजाद भावाने. तो पुण्यात गणित शिकत होता. एका ईदला घरी आला असताना आम्ही विचारले, बाबा रे, तू नक्की करतोस तरी काय? तो म्हणाला, ‘आपा, सवाल उल्टा है, इतनाच.’ मग शिरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून त्याने एका वहीच्या पाठीवर एक बटाट्यासारखा आकार काढला आणि म्हणाला, समजा याच्या आत काय आहे ते आपल्याला माहीत नाही. कापायची परवानगी नाही. फक्त सालीवर तारा लावायच्या. आतले सगळे कळेल का?

ही त्याची वही नंतर आमच्याकडेच राहिली. तो बटाट्याचा प्रश्न काल्डेरॉन यांचा प्रश्न म्हणून जगात ओळखला जातो.

आल्बेर्तो काल्डेरॉन हे अर्जेंटिनाचे. जन्म १९२० चा. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे, ब्यूनस आयर्समध्ये. पदवी घेतल्यावर ते तिथल्या सरकारी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. काम असे, की जमिनीच्या पृष्ठभागावर वीज सोडायची, पृष्ठभागावरच दाब मोजायचा आणि खाली कोणते खडक आहेत त्याचा अंदाज बांधायचा. ही युक्ती नवी नव्हती. फ्रान्सचे कॉनराड श्लंबर्जर यांनी १९१२ मध्ये नॉर्मंडीत हा प्रयोग प्रत्यक्ष जमिनीवर केला होता. तेही पदार्थविज्ञानाचे अध्यापक, ही गोष्ट आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. काल्डेरॉन यांनी मात्र व्यवहाराच्या पलीकडचा प्रश्न विचारला. अंदाज ठीक आहे, पण काठावरची सगळी मोजमापे अगदी बिनचूक मिळाली, तर आतली प्रत्येक जागा वीज किती सहज वाहू देते हे ठरते का? की दोन वेगळ्या जमिनी काठावर अगदी एकसारख्या वागून आपल्याला फसवू शकतात?

पुढे ते शिकागोला गेले, मोठे गणिती झाले, पण हा प्रश्न त्यांनी जवळजवळ तीस वर्षे स्वतःजवळच ठेवला. छापील लेख आला तो १९८० मध्ये, ब्राझीलच्या गणित संस्थेच्या एका परिसंवादाच्या पुस्तकात. मग १९८७ मध्ये जॉन सिल्व्हेस्टर आणि गुंथर ऊलमान यांनी सिद्ध केले, की लांबी-रुंदी-उंची असलेल्या वस्तूत, आतला बदल पुरेसा सुरळीत असेल तर, होय, काठावरून आतले सगळे ठरते. सपाट पत्र्यासारख्या दोन मितींच्या वस्तूचे उत्तर त्याहून उशिरा, १९९६ मध्ये एड्रियन नाखमान यांनी दिले.

हे सगळे एकाच दिशेने, सावकाश वाहणाऱ्या विजेबद्दल झाले. वीज जलद बदलू लागली की चुंबकत्व जागे होते, त्या बदलातून पुन्हा वीज, आणि दोघे मिळून लाट होऊन पुढे धावतात. जेम्स मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये छापलेल्या समीकरणांचा अर्थ थोडक्यात एवढाच. प्रकाश ही तीच लाट, रेडिओ तीच, मोबाइल तीच. तिच्यासाठी बटाट्याच्या आतले एक नव्हे, तीन गुण शोधावे लागतात: वीज किती वाहते, विजेचा ताण किती साठतो आणि चुंबकत्वाला किती साथ मिळते. ओला, पाय्व्हारिन्ता आणि सोमेर्सालो यांनी १९९३ मध्ये दाखवले, की योग्य अटी पाळल्या तर तिन्ही गुण काठावरच्या मोजमापांतून ठरतात.

एवढे वाचून कोणालाही वाटेल, की चला, प्रश्न सुटला. आम्हालाही गणित इथेच संपले असते तर बरे वाटले असते. पण ‘ठरते’ आणि ‘कळते’ यांच्यात फार अंतर आहे. ते अंतर आम्ही आमच्या शाळेच्या मैदानात पाहिले.

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते २०१६ साली. आमच्या भागातल्या माणसाला त्यानंतर पाण्याबद्दल काही समजावून सांगावे लागत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतली बोअर आटली. मुली घरून बाटली आणत आणि दुपारनंतर शाळेत पाणी नसल्याने काही जणी मधल्या सुट्टीतच घरी निघून जात. मोहल्ल्यातून चंदा गोळा झाला. कोणी पाचशे दिले, कोणी पन्नास. एका हमालाने दोन हप्त्यांत शंभर दिले. पहिली बोअर पाणाड्याच्या सांगण्यावरून घेतली. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, गाडी आली, तीनशे फुटांपर्यंत कोरडी धूळ उडाली आणि अर्ध्याहून जास्त चंदा त्या धुळीत गेला.

दुसऱ्या वेळी भूजलाचे शिक्षण घेतलेल्या एका माणसाला बोलावले. त्याच्याकडे चार लोखंडी सळ्या, तारांची रिळे, बॅटरी आणि एक डबाभर यंत्र. चार सळ्या एका सरळ रेषेत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज जमिनीत सोडायची, आतल्या दोन सळ्यांमध्ये दाब मोजायचा. मग बाहेरच्या सळ्या आणखी लांब न्यायच्या, की वीज आणखी खोल जाऊन येते. आठवीच्या मुलांनी सळ्यांभोवती मिठाचे पाणी ओतले, म्हणजे जमिनीशी जोड नीट बसतो. आमचे मैदान अपुरे पडले. जितके खोल पाहायचे त्याच्या तिप्पट-चौपट लांब सरळ जागा वर लागते. म्हणून शेजारच्या पडीक शेतात विचारून तारा पसरल्या. आम्ही मुलांना सांगितले, बघा, नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम शेतात उतरला आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पायाखाली लाव्ह्याचे थर आहेत, एकावर एक. कठीण काळ्या पाषाणातून वीज जाता जात नाही. त्यातला झिजलेला, भेगाळलेला, पाण्याने भिजलेला भाग तिला वाट देतो. अडचण अशी, की ओली चिकणमातीही तिला वाट देते, आणि चिकणमातीतून बोअरला पाणी मिळत नाही. त्या माणसाने आकडे कागदावर मांडले, त्यांची वळणदार रेषा काढली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, ‘मॅडम, ही रेषा दोन जमिनींची असू शकते. एक पातळ थर, त्यातून वीज फार सहज जाते. किंवा दुप्पट जाड थर, त्यातून निम्म्या सहजतेने जाते. वरून दोघे सारखेच दिसतात.’

आम्हाला आमच्या वर्गातला मिठाईचा डबा आठवला. नववीला आम्ही एका बंद डब्यात दोन रोध घालून बाहेर फक्त दोन तारा काढतो आणि विचारतो, आत काय आहे? मुले मोजतात. सहा ओहम. कोणी म्हणते तीन आणि तीन, एकापुढे एक. कोणी म्हणते दोन आणि चार. एखादी हुशार मुलगी म्हणते, बारा-बाराचे दोन, समांतर. तिघेही बरोबर, आणि डबा एकच. मग आम्ही दोन रोधांच्या सांध्यातून तिसरी तार बाहेर काढून देतो. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला चार. भांडण मिटते. मोजण्याची एक जागा वाढली, एवढ्याने दोन खोट्या गोष्टी गळून पडल्या.

त्या भूजलवाल्याने तेच केले, पण तार काढून नव्हे. त्याने विचारले, जवळपास जुनी विहीर आहे का? होती, दोनशे पावलांवर, कोरडी. तो काठावर पोटावर झोपला आणि आतले थर पाहिले. वर मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग लाल गेरूचा पट्टा, खाली काळा पाषाण. थरांची जाडी त्याने टेपने मोजून कागदावर लिहिली. आता त्या दोन जमिनींपैकी एकच उरली. बोअर लागली, दीड इंची. फार नाही, पण शाळेला पुरते.

फ्रेंच गणिती जाक हादामार यांनी १९०२ मध्ये चांगल्या प्रश्नाच्या अटी सांगितल्या होत्या. उत्तर असले पाहिजे, ते एकच असले पाहिजे, आणि दिलेल्या माहितीत किंचित चूक झाली तर उत्तरातही किंचितच चूक झाली पाहिजे. व्यस्त प्रश्न बहुतेक वेळा तिसऱ्या अटीपाशी कोसळतात. काल्डेरॉनच्या प्रश्नाबद्दल जोव्हानी आलेसांद्रीनी यांनी १९८८ मध्ये दाखवले, की काठावरच्या चुकीचा आतल्या चित्रावर ताबा असतो खरा, पण अतिशय सैल. पुढे २००१ मध्ये निक्युलाए मांदाके यांनी दाखवले, की याहून घट्ट ताबा सर्वसाधारणपणे मिळणारच नाही. साध्या भाषेत सांगायचे तर यंत्र दहापट अचूक आणले म्हणून आतले चित्र दहापट स्वच्छ होत नाही, किंचितच स्वच्छ होते. काठापासून जितके आत जावे तितके धुके दाट होत जाते. हा यंत्राचा दोष नाही, प्रश्नाचाच स्वभाव आहे.

मग लोक काय करतात? रशियन गणिती आंद्रेई तिखोनोव्ह यांनी १९६३ मध्ये जो उपाय मांडला त्यावर आजही जगातली असंख्य यंत्रे चालतात. मोजमापांशी जुळणारी शेकडो चित्रे असतात. त्यांतले सर्वांत कमी अवास्तव निवडायचे. म्हणजे मोजमापासोबत आधीचे शहाणपणही हिशेबात धरायचे. कोरड्या विहिरीत डोकावणे हे त्याच जातीचे शहाणपण. पण तिथेच धोकाही आहे. आधीचे शहाणपण आणि आधीचा ग्रह यांत फरक करणारे गणित नाही. विहीर खरोखर पाहिली होती, की कोणीतरी सांगितले म्हणून मान हलवली, हे माणसाने स्वतःलाच विचारायचे असते.

आता दुसरी गोष्ट. समजा आत काय आहे ते पूर्ण माहीत आहे. खोली माहीत, भिंती माहीत. आत एक लाट फिरते आहे, ती कुठून निघाली ते मात्र माहीत नाही. आपण भिंतीच्या एका तुकड्यावर बसून काही वेळ पाहत राहिलो, तर पूर्ण लाट कळेल का? याला निरीक्षणक्षमता म्हणतात, उर्दूत मुशाहिदा म्हणतात त्याच्याशी जुळणारी कल्पना. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० च्या सुमारास यंत्रांच्या नियंत्रणासाठी ती मांडली. लाटांसाठी फ्रान्समध्ये जाक-लुई लिऑन्स यांनी १९८० च्या दशकात तिचे मोठे शास्त्र उभे केले, आणि मॅक्सवेलच्या समीकरणांपर्यंत ते पोचले. अट अशी, की आत जेवढी ऊर्जा आहे तिचा एक ठराविक हिस्सा तरी आपल्या तुकड्यावर दिसलाच पाहिजे. लाट आत आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नाही, असे होता कामा नये.

कोणत्या जागेवरून पाहिले म्हणजे हे साधते? क्लोद बार्दोस, जिल लबो आणि जेफ्री राउश यांनी १९९२ मध्ये याचे जे उत्तर दिले ते आम्ही मुलांना कॅरमवर सांगतो. लाटेऐवजी किरणाचा विचार करा. किरण म्हणजे स्ट्रायकर, कडेला आपटून नियमाने परत फिरणारा, आणि कधीच न थांबणारा. आपली पाहण्याची जागा अशी हवी, की बोर्डावर कुठूनही, कोणत्याही दिशेने सुटलेला स्ट्रायकर ठरलेल्या वेळेत एकदा तरी तिथे येऊन आपटेल. आपण फक्त उजव्या कडेवर पहारा ठेवला आणि स्ट्रायकर समोरून सरळ पलीकडे, पलीकडून सरळ अलीकडे असा धावत राहिला, तर तो जन्मभर आपल्याला दिसणार नाही. बोर्डावर आहे, जोरात आहे, पण आपल्या वहीत त्याची नोंद शून्य. लगतच्या दोन कडांवर पहारा ठेवला तर मात्र एकही स्ट्रायकर सुटत नाही. जास्त वेळ थांबून हा प्रश्न सुटत नाही, जागाच बदलावी लागते.

सहलीला आम्ही मुलांना विजापूरला नेतो. गोल घुमटाच्या आतल्या सज्जात एकाने भिंतीशी तोंड नेऊन कुजबुज करावी आणि घुमटाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याने ती ऐकावी, हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. घुमट आतून सुमारे सव्वाशे फूट रुंद. आवाज वळणावळणाने भिंतीला चिकटून जातो. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या अशाच सज्जाचे कोडे लॉर्ड रॅले यांनी १९१० च्या सुमारास उलगडले. हा आवाजाचा खेळ झाला, पण काचेच्या बारीक गोळ्यात प्रकाशही असाच कडेकडेने फिरत राहतो. कडेला धरून चाललेली अशी लाट मधोमध ठेवलेल्या यंत्राला दिसत नाही. मध्यभागी उभे राहिले म्हणजे सगळे दिसते ही समजूत गणिताने तरी खोटी ठरवली आहे.

आणि हे आम्हाला केवळ वहीत पटले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आमचे अब्बा शिवणकाम करतात. २०१७ च्या हिवाळ्यात एका पहाटे त्यांना दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखू लागले. घाम आला, जबडा जड झाला. ते म्हणाले, ‘रात का खाना है, उतर जाएगा.’ अम्मीने त्यांचे ऐकले नाही. तालुक्याच्या गावी एका छोट्या दवाखान्यात नेले. छातीवर सहा आणि हातापायांना चार अशा दहा जागी वायर लागल्या, बारा ओळींची पट्टी बाहेर आली.

ई.सी.जी. ही काल्डेरॉनच्या बटाट्याचीच बहीण आहे. हृदयात दर ठोक्याला वीज उठते, कातडीपर्यंत तिचा दाब पोचतो. ती इतकी सावकाश बदलते, की मॅक्सवेलच्या समीकरणांतला लाटेचा भाग सोडून दिला तरी चालते. कातडीवरून हृदयाचे ठरवायचे. विलेम आइन्थोव्हेन यांना याच यंत्राबद्दल १९२४ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या सुरुवातीच्या काळात रुग्ण हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसत. आमच्या शाळेतल्या मुलांनी सळ्यांभोवती ओतले तेच मिठाचे पाणी. आणि त्याही आधी, १८५३ मध्येच, हेल्महोल्ट्झ यांनी सांगून ठेवले होते, की शरीराच्या आत वीज उठण्याच्या अनेक वेगळ्या रचना पृष्ठभागावर अगदी एकच दाब देऊ शकतात.

पट्टीवर झटक्याची नेहमीची खूण, रेष वर उचललेली असण्याची, कुठेच नव्हती. पट्टी पाहून सोबत आलेल्या शेजाऱ्यांचा चेहरा मोकळा झाला. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती, वयाने आमच्यापेक्षा लहान. ती पट्टीकडे पाहत राहिली. छातीच्या पहिल्या तीन ओळींत रेष खाली दबलेली होती. ती म्हणाली, ‘चाचा, जरा कुशीवर वळा. हृदयाची मागची भिंत समोरून नीट दिसत नाही, पाठीवरून बघू.’ तिने छातीवरच्या तीन वायर काढून डाव्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली एका ओळीत लावल्या. नवी पट्टी निघाली. तिच्यात रेष वर उचललेली होती. समोरची दबलेली रेष ही मागच्या उचललेल्या रेषेची उलटी सावली होती. माकूस.

तासाभरात ॲम्ब्युलन्स शहराच्या वाटेला लागली होती. हृदयाच्या मागच्या बाजूला रक्त नेणारी नळी बंद झाली होती, ती उघडली. अब्बा आजही दुकानात बसतात, फक्त पायमशीन सोडून विजेचे घेतले आहे.

त्या मुलीने काही नवे यंत्र आणले नाही. यंत्र तेच, वायर त्याच, कागद तोच. तिने जागा बदलली. आणि त्याआधी तिने एक वाक्य उच्चारले, ते आम्हाला यंत्राहून मोठे वाटते. ‘पट्टी ठीक आहे’ असे ती म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘समोरून नीट दिसत नाही.’ काही नाही आणि इथून दिसत नाही, या दोन वाक्यांमध्ये त्या पहाटे एका माणसाचे उरलेले आयुष्य होते.

आमचा धंदा मास्तरकीचा. बी.एड.ला नैदानिक चाचणी नावाचे प्रकरण होते. मुलाच्या चुकीवरून त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते ओळखायचे. परीक्षेपुरते पाठ करण्याचे हे प्रकरण, पण तो पूर्ण व्यस्त प्रश्न आहे. एका मुलाने सोळा छेद चौसष्ट याला संक्षिप्त रूप देताना वरचा सहा आणि खालचा सहा सरळ खोडले. उरले एक छेद चार. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. आत मात्र अपूर्णांकाचा पत्ता नाही. त्याच्या बाकावरच्या मुलीने सोळाने भागून तेच उत्तर आणले. काठावर दोघे सारखे. तेरा छेद एकोणचाळीस दिले की फरक उघडा पडतो: तीन खोडणाऱ्याला एक छेद नऊ मिळते, भागणारीला एक छेद तीन. डब्यातली तिसरी तार ती हीच.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. लेखी परीक्षेसोबत तोंडी काम, प्रकल्प, प्रयोग, आणि वर्णनात्मक नोंदी. स्टाफरूममध्ये त्याची टिंगल पुष्कळ होते, कारण रकाने भरता भरता हात दुखतो. आमच्या मते कल्पना दहा वायरींचीच आहे: एका जागेवरून मूल दिसत नाही, म्हणून अनेक जागा. अडचण एवढीच, की सगळे रकाने आपण खुर्चीवर बसून, वर्गाच्या तोंडाकडून भरले, तर वायर दहा असल्या तरी सगळ्या छातीवरच लागतात.

शेवटच्या बाकांवरच्या मुली बोलत नाहीत, अशी नोंद शिक्षकांच्या वह्यांत वर्षानुवर्षे होत आली आहे. मागच्या वर्षी आमच्या सातवीत अशी एक मुलगी होती. तासाला हाक मारली तर उभी राहून जमिनीकडे पाही. आधीच्या वह्यांत तिच्या नावापुढे एकच वाक्य होते, ‘वर्गात सहभाग घेत नाही’. एकदा मधल्या सुट्टीत हापशाजवळ, त्याच दीड इंची बोअरच्या, ती पाचवीच्या चार मुलींना चंद्रग्रहण समजावत होती. बाटलीचे झाकण चंद्र, चेंडू पृथ्वी, आणि सूर्य म्हणून एकीला उन्हात उभी केलेली. पृथ्वीची सावली कोणत्या बाजूला पडेल ते तिने दोनदा करून दाखवले, आणि दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही हा प्रश्न एकीने विचारला तेव्हा झाकण थोडे वर उचलून धरले.

त्या महिन्याच्या वर्णनात्मक नोंदीत आम्ही जागेसकट लिहिले: तासाला, पुढून पाहता, बोलत नाही. सुट्टीत, हापशाजवळ, शिकवते. खाली एक ओळ जास्त जोडली, पुढच्या वर्षी ज्यांच्या हाती ही वही जाईल त्यांच्यासाठी. इतर जागांवरून अजून पाहिलेले नाही.